केक, मंजूर नमुन्याप्रमाणे

गिऱ्हाईक मिळवण्यात अवघड काहीही नाही, हे मी एकतीस वर्षं जवळून पाहिलं आहे. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात मी नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं विभागप्रमुख म्हणून. खुर्च्या, शाई, पंखे, झाडू, डिंक असलं काय काय विकायला आलेली हजारो माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि त्यांतल्या बहुतेकांना मी परत पाठवलं. विकणारा कुठे चुकतो हे माझ्याइतकं कोणाला कळणार? त्यामुळे बायकोने घरी केक करून विकायला सुरुवात केली, आणि पाच महिन्यांत तिला मिळालेली तीन गिऱ्हाइकं म्हणजे तिची बहीण, तिचा भाऊ आणि मी, असं निघालं, तेव्हा मी वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि म्हणालो, "गिऱ्हाइकांचं माझ्याकडे सोड."

ती ओट्याशी उभी राहून भांडं खरवडत होती. "दहा," ती म्हणाली.

"काय दहा?"

"दहा गिऱ्हाइकं. परकी. नात्यातली नकोत आणि तुम्ही तर मुळीच नको. या महिनाअखेरपर्यंत दहा माणसांनी आपणहून माझा केक मागितला तर मी हे चालू ठेवते. नाहीतर त्या लोकांना हो म्हणून कळवते."

ते लोक म्हणजे इस्पितळ. तिथे तिने बावीस वर्षं टेलिफोनवर काढली होती. दिवसभर कानाला यंत्र लावून कोणाला कुठे जोडून द्यायचं एवढंच काम. तिच्या जागी आलेली मुलगी सोडून गेली, म्हणून त्यांनी तिला परत बोलावलं होतं आणि तीस तारखेपर्यंत उत्तर मागितलं होतं. बायको सहज काही बोलते तेव्हा माझ्याकडे बघून बोलते. भांडं खरवडत बोलली, म्हणजे ते फार आतलं असतं. तिला परत जायचं नव्हतं. हे तिने सांगितलं नाही, पण एवढ्या वर्षांत मला तेवढं समजायला लागलं आहे.

आणि केक खरोखर उत्तम होता. मी नवरा म्हणून सांगत नाही, खरेदी अधिकारी म्हणून सांगतो. संत्र्याची साल किसून घातलेला तो साधा केक कापला की सुरीला चिकटत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागे. असा माल विकायला महिना म्हणजे फारच झाला, असं मला वाटलं. मी पंधरवड्याचा हिशेब धरला होता.

सुरुवात सोसायटीच्या फलकापासून केली. आमच्या चिटणीसांना सगळे मागे 'पोटनियम' म्हणतात, कारण त्यांनी जिन्यात कोणाला नमस्कार केला तरी तो कोणत्या पोटनियमाखाली केला ते ठाऊक असतं. त्यांनी माझा मजकूर चष्मा वर करून वाचला.

"जाहिरात चालणार नाही. फलकावर फक्त सूचना लागते."

"मग सूचना म्हणून लावा."

"मग भाषा सूचनेची हवी," ते म्हणाले आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहून, शिक्का मारून, कुलूपबंद काचेआड लावली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत केक तयार करण्यात येत आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी.'

सगळ्यांनी नोंद घेतली. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हे काम किती दिवस चालणार आणि त्या काळात पाणी बंद राहणार का, असं विचारलं. समोरच्यांनी दोन दिवस जिन्याकडची खिडकी लावून घेतली. खालच्या वहिनी तर मुद्दाम वर आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घाबरू नका हं. कोणी तक्रार केली असली तरी आम्ही तुमच्याच बाजूने आहोत."

त्यावर मी हार मानणारा माणूस नाही. फलकावरून माल कळत नाही, माल नमुन्यावरून कळतो. मी बायकोकडून तीन केक करून घेतले, त्यांचे एकसारखे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक अभिप्रायपत्रक घेऊन एकवीस घरं केली. रंग, घनता, पोत, चव, टिकाऊपणा आणि शेरा असे रकाने होते. लोकांनी इतक्या आनंदाने सहकार्य केलं की माझा माणुसकीवरचा विश्वास वाढला. खालच्या वहिनींना साखर थोडी कमी हवी होती. त्यांच्या सासूबाईंना तीच साखर थोडी जास्त हवी होती. पहिल्या मजल्यावरच्या तरुणाने अंड्याशिवाय, मैद्याशिवाय आणि साखरेशिवाय करता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, येईल, नुसता डबा पाठवतो. दातांच्या डॉक्टरांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा आईसाठी मागून घेतला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास. पण मी केकची शिफारस कशी करणार, काका? माझा धंदा वेगळा आहे." खरं तर त्यांच्या आणि आमच्या धंद्याचा इतका जवळचा संबंध आहे, की त्यांनीच पहिली ऑर्डर द्यायला हवी होती. पण हे समजण्याइतकी दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

एकवीस पत्रकं भरून आली. एकवीसही ठिकाणी 'समाधानकारक' असा शेरा होता. ऑर्डर एकही नव्हती. चार दिवसांनी वहिनी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, या वेळी चॉकलेटचा आणा ना."

परगावी राहणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, छान फोटो काढून इंटरनेटवर टाका." तेही केलं. समोरून एक, बाजूने एक, वरून एक असे तीन फोटो काढले आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवली. एका माणसाने 'ही वीट कुठे मिळेल' असं विचारलं. मुलीने तासाभरात सगळे फोटो काढून टाकायला लावले.

नऊ तारीख उलटली होती. बायकोने इस्पितळाचं पत्र मिक्सरखालून काढून फ्रिजवर ठेवलं होतं. मला रोज पाणी प्यायला तिथेच जावं लागतं.

तेव्हा मला माझं जुनं कार्यालय आठवलं. अठ्ठावीस तारखेला कार्यालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, समारंभ होता आणि बारा विभागांना बारा केक लागणार होते. म्हणजे एका फटक्यात बारा गिऱ्हाइकं! मी इस्त्रीचा शर्ट घातला, केक डब्यात घेतला आणि निघालो.

माझ्या खुर्चीवर आता माझाच चेला बसतो. अठरा वर्षं माझ्या हाताखाली होता. मला बघून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, एवढंच ना? तुमच्या घरचं काम म्हणजे आमच्या घरचं. आत्ता ऑर्डर काढतो."

इथे कोणताही शहाणा माणूस चहा पिऊन घरी गेला असता. पण त्या कार्यालयाची एक्केचाळीस पानी खरेदी नियमावली मी लिहिली आहे. डिंकाच्या बाटल्यांमध्ये पाणी निघालं होतं त्या वर्षी, रजा न घेता, पाच महिने खपून लिहिली आहे. समोरच्या भिंतीवर ती खिळ्याला टांगलेली होती.

"आत्ता ऑर्डर?" मी म्हणालो. "नियम सात काय सांगतो?"

"तीन कोटेशनं, साहेब. पण तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी तर मुळीच नाही! उद्या कोणी बोट दाखवलं तर? मी तीन कोटेशनं आणून देतो."

त्याने मान खाली घातली. मग अर्ज पुढे केला आणि हळूच म्हणाला, "अनुभवाचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल." मी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याला त्याचे उमेदवारीचे दिवस आठवले असावेत. त्या रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं: पाच महिने.

राहिला नमुना. "तो ठेवून जा, आम्ही चव बघू," तो म्हणाला. पण नियम बारा असा आहे की नमुना नमुन्यांच्या कपाटात ठेवून, कपाटाला लाखेचं सील लावून, माल येईल त्या दिवशी नमुना देणाऱ्यासमोर उघडायचा आणि आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा.

"साहेब, तो नियम खुर्च्यांचा आहे. हा केक आहे. अठ्ठावीसपर्यंत..."

"नियमात खुर्ची असा शब्द नाही. वस्तू असा आहे," मी म्हणालो आणि मेणबत्तीवर लाख धरली. विभागातली नऊ माणसं काम सोडून बघत उभी होती. नोंदणीच्या बाई तर डोळे पुसत होत्या. माझ्याविषयीच्या आदराने, असं मला तेव्हा वाटलं.

घरी आल्यावर मी सगळं अभिमानाने सांगितलं. बायकोने अंडी फेटायचं थांबवलं.

"माझा केक कपाटात कोंडलात?"

"सुरक्षित आहे. सील लावलंय."

"अहो, तो खायचा असतो!" ती म्हणाली आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात दोनच माणसं असताना अबोला फार मोठा वाटतो.

पण मी कामाला लागलो होतो. प्रतिस्पर्धी पुरवठादार शोधणं हे माझ्या आवडीचं काम. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे गेलो. माल कसा हवा ते समजावं म्हणून त्याला बायकोच्या केकचा एक तुकडा दिला. तो सावकाश चावत राहिला.

"कोणी केला?"

"माझ्या बायकोने."

"मग कोटेशन मला का मागताय?"

"नियम आहे."

त्याने पीठ लागलेले हात फडक्याला पुसले. शेवटी कोटेशन लिहून दिलं. वर एक पाव फुकट दिला, तो कशाबद्दल ते मला कळलं नाही. तिसरं कोटेशन एका हॉटेलचं होतं आणि ते मुदतीत आलं नाही, पण नियमाला तीन मागवलेली पुरतात.

चौदा तारखेला निकालाचं पत्र आलं. नियम नऊ: पुरवठादारास त्या कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. सबब, बारा केकांचं काम वीस वर्षं अनुभव असलेल्या कोपऱ्यावरच्या बेकरीला देण्यात येत असून माल मंजूर नमुन्याप्रमाणे असावा. मंजूर नमुना आमचा, काम त्याचं. पत्राची भाषा निर्दोष होती. मसुदा मीच घालून दिलेला होता.

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली, ओव्हन आतून पुसून काढला आणि त्याचं दार लावलं. त्या दिवसापासून घरात वास येईनासा झाला. मला त्या वासाची इतकी सवय झाली होती, हे मलाच माहीत नव्हतं. मी खिडकीशी खुर्ची घेऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की मी परत पाठवलेल्या माणसांपैकी काहींच्या घरी कोणीतरी वाट बघत असणार.

अठ्ठावीस तारखेला मला जायचं नव्हतं. पण नमुना ज्याचा, त्याच्यासमोरच सील तोडायचं, असा नियम. आपणच पाडलेला धोंडा आपल्याच पायावर घेऊन मी सकाळी दहाला हजर झालो.

बेकरीवाला बारा खोकी घेऊन आला होता. चेल्याने एक केक कापला, विभागातल्या नऊ जणांना एकेक तुकडा दिला. त्यांनी खाल्ला. मग देखभालीचा मिस्त्री म्हणाला, "नमुन्यासारखा नाही."

"अजिबात नाही," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. "त्याच्यात संत्र्याची साल होती."

"आणि तो असा कोरडा नव्हता," जावक कारकून म्हणाला.

चेला कपाटाकडे बघायला लागला. मीही बघायला लागलो. सील जसंच्या तसं होतं, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट. मी ते तोडलं, दार उघडलं. आत पुठ्ठ्याचा डबा होता आणि डब्यात केकखालचा तुपकट कागद होता. केकचा कणसुद्धा नव्हता.

"सील शाबूत आहे," मी म्हणालो.

"सील दाराला आहे, साहेब," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "मागची फळी चार स्क्रूंवर आहे."

"तुम्ही गेलात त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "एवढा वास सुटला होता, टाइप करता येईना. आधी म्हटलं कडेचा एक तुकडा. मग रोज थोडा थोडा. चौथ्या दिवशी संपला. केक कोंडून ठेवलेला बघवत नव्हता, सील लावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तुम्ही बघितलंत की."

चेल्याने भिंतीवरची नियमावली काढली आणि शांतपणे उघडली. माल नमुन्याशी जुळत नाही असा शेरा मारायचा, तर तो मारणाऱ्याने नमुना पाहिल्याचं लेखी द्यावं लागतं. नऊ जणांनी आळीपाळीने लिहिलं: मी नमुना खाल्ला आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. कार्यालयाच्या शाईत इतकं खरं वाक्य मी कधी वाचलं नव्हतं.

"आणि नियम चौदा," चेला म्हणाला. तो हसू दाबत होता, हे मला तेव्हा दिसलं. "नमुना गहाळ झाल्यास संबंधितांनी त्याच पुरवठादाराकडून हुबेहूब तसाच आणून जमा करावा. इथे अनुभवाची अट नाही, साहेब. तुम्ही घालायची विसरलात."

"एक केक सगळ्यांनी मिळून आणायचा," मी घाईघाईने म्हणालो, कारण नियमाचा अर्थ चुकीचा लागलेला मला बघवत नाही. "नमुना एकच होता."

"मिळून कशाला?" मिस्त्री म्हणाला. "मिळून आणला तर मागच्यासारखं होईल. मला कडेचा बारीक तुकडा मिळाला होता. मी माझा वेगळा मागवतो. घरी न्यायचाय."

"माझाही वेगळा," बाई म्हणाल्या. "शनिवारी पाहिजे."

नऊच्या नऊ जणांनी वेगळा मागितला. कोणाला बहिणीसाठी, कोणाला नुसता स्वतःसाठी, आणि जावक कारकुनाला शेजाऱ्याला दाखवून खाण्यासाठी. मी खिशातलं पेन काढलं आणि अनुक्रमांक घालून एकेक नाव लिहायला लागलो.

बिचारा बेकरीवाला आपल्या खोक्यांजवळ उभा होता. त्याचे केक समारंभात चालवून घेतले गेले, संपलेही, भुकेल्या माणसांना तेवढं पुरतं. सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. "पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. ती आमच्या बेकरीचा केक खायला तयार नाही, म्हणते रोजचाच झालाय. तुमच्या बाईंना विचाराल का?"

मी त्याचं नाव दहावं लिहिलं.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीपाशी बसून इस्पितळाच्या उत्तराची जुळवाजुळव करत होती. दोन ओळी लिहून झाल्या होत्या. मी तिच्यासमोर यादी ठेवली आणि वर ते नऊ सह्यांचं पान, ज्याची प्रत चेल्याने नियमाबाहेर जाऊन मला दिली होती. मी घेतली. नियमाबाहेर मी तेवढीच एक गोष्ट केली आहे.

"ही यादी तुमच्या नियमांमुळे झाली ना?" ती म्हणाली. "सक्तीची गिऱ्हाइकं मला नकोत."

"नियमाने सगळ्यांत मिळून एक केक लागत होता. मी तसं सांगितलंही. कोणी ऐकेना."

ती पान वाचायला लागली. मी नमुना खाल्ला आहे. मी नमुना खाल्ला आहे. बोट ओळीवरून सरकवत तिने नऊही वाक्यं वाचली.

"चोरून खाल्ला?"

"कपाटाची पाठ उघडून."

"सगळा?"

"कणसुद्धा ठेवला नाही."

"आणि साखर कमी हवी असं कोणीच नाही म्हणालं?"

"कोणीच नाही."

तिचे डोळे भरून आले. मी शेजारी बसलो आणि काही बोललो नाही. त्या महिन्यात मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम होतं. मग तिने दोन ओळींचा तो कागद फाडला, डोळे पदराने कोरडे केले आणि इस्पितळाला सरळ फोन लावला.

"मी परत यायची नाही," ती म्हणाली. आवाज असा स्वच्छ होता की शेजारच्या खोलीत ऐकू गेला असता. "नाही, तब्येत उत्तम आहे. मी केक करते. हो, घरीच. दहा ऑर्डरी आहेत." पलीकडून कोणीतरी बराच वेळ बोललं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता उठून तिने ओव्हनचं बटण सुरू केलं.

"पाठवीन की," ती म्हणाली. "पण चव बघायला म्हणून नाही. ऑर्डर द्या, मग पाठवते."